रस्त्यात थांबणारी माणसं



या महिन्यात मुलांच्या हस्ताक्षराबद्दल लिहायचं ठरवलं होतं. तो विषय पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरावर एक प्रसंग आला, आणि परत आल्यापासून माझ्या मुलाने विचारलेला एक प्रश्न डोक्यातून जात नाही. तो आधी तुमच्यासमोर ठेवते.

मे महिन्यात माझ्या मामेभावाच्या मुलाचा निकाह सिरोंच्याला होता. आम्ही चंद्रपूरला राहतो. सिरोंचा म्हणजे विदर्भाचं दक्षिण टोक, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणा सुरू होतं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते आमच्याच जिल्ह्यात होतं. लहानपणी घरात कुणाची सिरोंच्याला बदली झाली की बायका रडत बसायच्या, हे मला अजून आठवतं. आता रस्ते आहेत, नद्यांवर पूल आहेत. तरी आलापल्लीच्या पुढचे शंभरेक किलोमीटर जंगलातून जातात आणि मध्ये मोठं गाव नाही.

गाडीत आम्ही पाच जण होतो. मी, मुलांचे अब्बा, दहावीतली मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे दादी म्हणतात. दादींचं वय बहात्तर. शुगरचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. सकाळी निघायचं ठरलं होतं, पण लग्नघरी जाणाऱ्यांचं सामान कधी वेळेवर बांधून होतं का? निघायला साडेअकरा वाजले. बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगा ओलांडली. आलापल्लीच्या अलीकडे सागाच्या सावलीत डबा उघडला, तर उन्हाने खिचडी आंबलेली. दादींनी गोळी आधीच घेतली होती. दोन घास खाऊन त्यांनी डबा बाजूला सारला. मी म्हटलं, सिरोंच्याला पोहोचून नीट जेवू. ही माझी पहिली चूक.

रेपनपल्ली मागे पडली. जिमलगट्टा यायचं होतं. रस्त्याचं काम अर्धवट होतं, गिट्टी वर आलेली. गाडीखाली धाडकन आवाज झाला. थोडं पुढे गेल्यावर तेलाचा लाल दिवा लागला. यांनी लगेच इंजिन बंद केलं आणि खाली वाकून पाहिलं. म्हणाले, "चेंबर फुटलं. सगळं ऑइल गेलं." त्या अवस्थेत एक-दोन किलोमीटर जरी रेटली असती तरी इंजिन जाम झालं असतं, हे मला नंतर कळलं. मोबाइलला रेंज नव्हती. पाच वाजत आले होते. एक ट्रक गेला, थांबला नाही. एक जीप गेली. आतल्या माणसांनी माझ्या काळ्या बुरख्याकडे पाहिलं, असं मला वाटलं. खरं काय ते अल्लाहलाच ठाऊक.

मग मुलगी ओरडली, "अम्मी, दादींना बघ!"

दादींना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. जिभेवर शब्द चढत नव्हता. शुगर उतरली हे माझ्या लक्षात आलं. गाडीत साखर नाही, गूळ नाही. बिस्किटाचा शेवटचा पुडा मुलाने आष्टीलाच संपवला होता. मिठाईचा मोठा डबा लग्नघरी जायचा म्हणून आदल्या दिवशीच भावाबरोबर पुढे पाठवला होता.

तेवढ्यात झाडीतून तीन बाया रस्त्यावर आल्या. एक म्हातारी, एक तिशीतली आणि बारा-तेरा वर्षांची एक मुलगी. तिघींच्या डोक्यावर तेंदूपत्त्याचे भारे. मे महिन्यात तिकडे गावंच्या गावं पहाटे जंगलात जातात, पानं तोडतात, दुपारी घरी बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. त्या फळीवर निघाल्या होत्या. म्हातारीने गाडीत डोकावून दादींकडे पाहिलं, भारा खाली ठेवला आणि कमरेचा तुंबा सोडून माझ्यापुढे धरला. वाळलेल्या भोपळ्याचा तो तुंबा. आत पांढरट, आंबूस वासाचं काहीतरी.

माझा हात पुढे गेला नाही. तिकडच्या तुंब्यांमध्ये ताडीही असते, हे मी ऐकलेलं. दादी थरथरत होत्या आणि मी हराम-हलालचा विचार करत उभी होते. ती लहान मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. पुस्तकातल्यासारख्या शुद्ध मराठीत ती म्हणाली, "मॅडम, ही तांदळाची आंबील आहे. दारू नाही."

मला फार लाज वाटली.

आंबील दादींच्या ओठांना लावली. मी विचारलं, "साखर मिळेल का कुठे?" मुलगी धावत सुटली. गाव अर्ध्या किलोमीटरवर होतं. कागदाच्या पुडीत साखर घेऊन ती परत आली तेव्हा तिचा श्वास वर-खाली होत होता. चार चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. दहा-पंधरा मिनिटांनी दादींनी डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या ते माझ्या मुलाला रागावण्याचं, की उन्हात टोपी का नाही घातली. तेव्हा मला रडू आलं.

तोवर म्हातारीच्या सुनेने गावातून माणसं आणली. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी टोचन करून गावात नेली. गावातला एक तरुण मोटारसायकल दुरुस्त करतो. गाडीखाली शिरून तो म्हणाला, "बोटभर चीर आहे. एम-सील लावून चालेल, पण रात्रभर वाळू द्या." एम-सील आणि चार लिटर ऑइल आणायला तो स्वतः जिमलगट्ट्याला गेला.

मगरिबची वेळ झाली. कुठे उभं राहावं म्हणून आम्ही अंगणात इकडे-तिकडे बघत होतो. आमच्या हातात जानमाज पाहून म्हातारीने काही न विचारता अंगणाचा एक कोपरा झाडला, पाणी शिंपडलं आणि तिथली कोंबडी-पिल्लं हाकलली. मुलीने वुजूसाठी पाण्याची गुंडी आणून ठेवली. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात, मगरिबच्या मात्र तीनच राहतात. त्या तीन रकाती मला खूप लांब वाटल्या, कारण मन सारखं त्या तुंब्याकडे जात होतं.

घरातले आजोबा यांना म्हणाले, "पाहुणे आले, कोंबडा कापू. तुम्ही तुमच्या पद्धतीने कापता ना? मग तुम्हीच कापा." आणि सुरी पुढे केली. आठवडी बाजारात मुसलमान व्यापाऱ्यांशी त्यांची जुनी ओळख, त्यामुळे त्यांना हे ठाऊक होतं. घरात एवढाच एक मोठा कोंबडा दिसत होता. हे म्हणाले, "आजोबा, अंडी असतील तर तीच द्या, आम्हाला आवडतात." त्या रात्री आम्ही भात, अंबाडीची भाजी आणि उकडलेली अंडी खाल्ली.

जेवणानंतर जे झालं, ते मला सर्वांत जास्त सांगायचं आहे.

न दिलेले तीन भारे पडवीत पडले होते. दादी बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी हात लांब करून एक पुडा उचलला, सोडला, एक पान अंगठ्याखाली घासून पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा पत्ता है। मुलायम।" आम्हाला कुणालाच काही समजेना. मग त्यांनी ते पान मांडीवर ठेवलं, कडा दुमडून बोटांनी गोल वळलं आणि नखाने टोक आत दाबलं. हाताला वळण जसंच्या तसं होतं.

माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण दादींनी मुलगी असताना कामठीत विड्या वळल्यात हे मला ठाऊक नव्हतं. कामठी विणकरांची तशी विडी कामगारांचीही. तिथल्या विडी कामगारांची संघटना बाबू हरदास यांनी १९३० च्या दशकात बांधली होती, हे मी वाचलेलं. पण आपल्याच घरात त्यातलं कुणी बसलेलं आहे हे ठाऊक नसावं? दादी सांगू लागल्या. मांडीवर सूप, त्यात भिजवलेली पानं, पत्र्याच्या मापाने कापलेली. जरदा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर. ठेकेदार छाटणीत मूठभर विड्या बाजूला काढायचा आणि त्यांचे पैसे द्यायचा नाही. "पत्ता खराब आया तो हमारी मजदूरी कटती थी," दादी म्हणाल्या, "हम समझते थे, तोडनेवाले बेईमान हैं।"

त्या मुलीने हे सगळं मराठीतून माझ्याकडून समजून घेतलं आणि माडियात आजीला सांगितलं. आजी हसली. मग तिने सांगितलेलं मुलीने मला सांगितलं. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा. फाटलेलं, डाग पडलेलं पान फळीवरचा मुनीम काढून टाकतो. पहाटे अंधारात अस्वलाची भीती असते. गारपीट झाली की पानाला भोकं पडतात आणि त्या वर्षी हातात काही येत नाही. मी ते दादींना उर्दूत सांगत होते. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या बोटांकडे बघत होत्या. एकीची बोटं पानं तोडून काळी पडलेली. दुसरीच्या अंगठ्याला कसला जुना घट्टा आहे, हे मला वीस वर्षांनी त्या दिवशी कळलं.

मुलगी म्हणाली, "आमच्या भाषेत पानाला आकी म्हणतात." सिरोंच्याचे माझे नातेवाईक तेलुगूत आकु म्हणतात, ते मला आठवलं. दोन्ही एकाच कुळातल्या भाषा. माझ्या मुलाने त्या रात्री पाण्याला एर म्हणायला शिकून घेतलं आणि झोपेपर्यंत पाच वेळा पाणी मागितलं.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. दर वर्षी पालकसभेत कुणीतरी विचारतं, आपल्या मुलांना एवढं मराठी कशाला? मी नोकरी, स्पर्धा परीक्षा, सरकारी कार्यालय अशी उत्तरं देत आले. दोन आज्यांमध्ये बसलेली ती आश्रमशाळेतली मुलगी आणि मी, आम्हा दोघींचीही मातृभाषा मराठी नव्हती. पण ती नसती तर कामठीची गोष्ट त्या पडवीत पोहोचलीच नसती. मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुमच्या शाळेत मुलं मराठीत नापास होतात का?" मी म्हटलं, "होतात. मीसुद्धा चौथीत झाले होते." तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "मी पहिलीत काहीच बोलत नव्हते. गुरुजींना वाटलं मुकी आहे." अशी 'मुकी' मुलं माझ्याही वर्गात बसून गेली आहेत. त्यांच्या प्रगतिपुस्तकात मी काय शेरा लिहिला होता, ते आठवून मला झोप लागली नाही.

घरातल्या दोन्ही बाजा आम्हाला दिल्या होत्या. ते सगळे जमिनीवर झोपले.

पहाटे ऑइल भरलं, गाडी सुरू केली, खाली कागद ठेवून पाहिलं. एक थेंब पडला नाही. तरुणाने एम-सील आणि ऑइलची पावती दाखवली आणि तेवढेच पैसे घेतले. पेट्रोलचे घ्या म्हटलं तरी मान हलवली. यांनी आजीच्या हातात पाचशेची नोट ठेवली. तिने ती दादींच्या हातात परत ठेवली आणि मूठ बंद केली. निघताना मी मुलीला विचारलं, "काल तुमचे पुडे राहिले ना? आज देता येतील?" ती सहज म्हणाली, "मुनीम घेतला तर घेईल. कालचं पान वेगळं दिसते." म्हणजे तिघींची एक दिवसाची कमाई आमच्यासाठी रस्त्यावर थांबली होती, आणि रात्रभर त्यातल्या एकीनेही ते बोलून दाखवलं नव्हतं.

नऊच्या आत सिरोंच्याला पोहोचलो. निकाह जोहरनंतर होता. अल्हमदुलिल्लाह, सगळं नीट पार पडलं.

आता तो प्रश्न. परत येताना गाडीत मुलाने विचारलं, "अम्मी, त्या रात्री मूलच्या रस्त्यावर आपण का नव्हतो थांबलो?"

मला वाटलं होतं तो विसरला असेल. दोन वर्षांपूर्वी गडचिरोलीहून चंद्रपूरला येताना मूलच्या पुढे अंधारात एक जोडपं हात करत उभं होतं. मोटारसायकल आडवी, बाईच्या कडेवर मूल. यांनी वेग कमी केला होता. मीच म्हटलं, "थांबू नका. आजकाल कुणाचा भरवसा नाही." आम्ही पुढे निघून गेलो. त्यांचं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

मी मुलाला खरं सांगितलं, "मी घाबरले होते."

तो म्हणाला, "मग ती आजी नाही घाबरली?"

जंगलात अनोळखी गाडी, काळ्या बुरख्यातली बाई, समजत नसलेली भाषा. घाबरायला तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त कारणं होती. ती भागच असा, की रात्री अनोळखी माणसाला दार उघडण्याआधी कुणीही दहा वेळा विचार करील. मी त्याला उत्तर देऊ शकले नाही.

आपण लहानपणापासून शिकतो की सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत आणि त्यात मुसाफिरही आहे. घरी श्रीमंत असला तरी वाटेत अडकलेला माणूस हकदार ठरतो. मी हे वर्गात शिकवलं आहे, फळ्यावर आठ ओळी लिहून. आठवी ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी उंटावरचा कुणी वाटसरू यायचा. मूलच्या रस्त्यावरचं ते जोडपं कधी आलं नाही. आणि ज्या घराने ही आठवी ओळ कधी ऐकली नसेल, त्या घराने ती आमच्याबाबतीत पाळली. मुसाफिराचा हक्क देण्याची गोष्ट आपण फार करतो. तो हक्क दुसऱ्याच्या दारात घ्यायची वेळ येते, तेव्हा तुंब्याकडे संशयाने न पाहण्याचीही तालीम हवी. ती मला नव्हती.

काही कामाच्या गोष्टी, ज्या आम्ही ठोकर खाऊन शिकलो:

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी गोळीनंतर जेवण टाळू नये. गाडीत ग्लुकोज पावडर किंवा साखर हाताशी असावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी आणि मग पोटभर खायला घालावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करावी. टोचनासाठी मजबूत दोर, टॉर्च, एम-सील आणि पाण्याचे दोन कॅन डिकीत असावेत. जंगलाच्या रस्त्यावर दुपारीच पोहोचता येईल असं निघावं, आणि कोणत्या रस्त्याने किती वाजता निघालो हे पुढच्या माणसाला कळवावं. रेंज असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२.

आणि ज्यांना थांबायची भीती वाटते त्यांच्यासाठी. अपघातातल्या माणसाला मदत केली तर पोलीस मागे लागतील, हे आपण अजून बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून ते पक्कं झालं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. रात्री एकट्या बाईने उतरावं असं मी म्हणत नाही. काच थोडी खाली करून विचारता येतं, पुढच्या गावात सांगता येतं, ११२ ला फोन करता येतो. मूलच्या रस्त्यावर मी यातलं काहीच केलं नव्हतं.

त्या तरुणाचा फोन नंबर यांच्याकडे आहे. त्याच्यामार्फत मुलीसाठी मराठी शब्दकोश आणि गोष्टींची पुस्तकं पाठवली. दादींनी आजीसाठी स्वतः निवडून एक सुती लुगडं दिलं. सांगायला सांगितलं की हे पैसे नाहीत, त्यामुळे परत पाठवता येणार नाही. त्या तिघींचे कालचे पुडे मुनीमाने घेतले की नाही, हे मात्र फोनवर विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या मे महिन्यात जाऊ तेव्हा विचारीन.

मागच्या आठवड्यात रात्री सावलीहून परत येत होतो. रस्त्याच्या कडेला एक माणूस मोटारसायकल ढकलत चालला होता. मी काही म्हणायच्या आत मागच्या सीटवरून आवाज आला, "अब्बा, थांबा."

पेट्रोल संपलं होतं. आम्ही थांबलो.